लॅपटॉप रीसेट करताना: ‘फॉरमॅट मारण्या’आधीची तयारी आणि नंतरची निगा

लॅपटॉप रखडायला लागला की नाशिकमध्ये एम. जी. रोडच्या दुकानापासून कॉलेज रोडच्या होस्टेलपर्यंत सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून टाक. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण रीसेटचं बटण दाबणं हे या कामातलं सर्वांत सोपं पाऊल आहे. नुकसान होतं ते त्याआधी न पाहिलेल्या गोष्टींमुळे. टॅलीचा डेटा, श्रीलिपीचे फॉन्ट, डिस्क उघडण्याची ४८ आकडी किल्ली, दुकानदाराच्या ईमेलवर नोंदवलेलं ऑफिस, अशा गोष्टी ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये राहत नाहीत आणि त्या गेल्याचं रीसेटनंतरच कळतं.

हा लेख मुख्यतः विंडोज ११ साठी आहे. पडद्यावरची नावं देवनागरीत दिली आहेत, लॅपटॉपवर ती इंग्रजीत दिसतील. आज्ञाही इंग्रजीतच टाइप करायच्या.

रीसेटची खरंच गरज आहे का?

आधी पाच मिनिटं निदानाला द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. लॅपटॉप सुरू करून पंधरा मिनिटं झाल्यावर, काहीही न चालवता, कोणता आकडा वर आहे ते पाहा.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल तर ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते बघा. एचडीडी, म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर रीसेटने आठवडा-दोन आठवडे बरं वाटेल आणि मग पहिले पाढे पंचावन्न. विंडोज ११ चा पसारा त्या डिस्कला झेपत नाही. तिथे औषध एकच: एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क बसवणं. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. २०१८ नंतरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एम डॉट टू खाचही असते, पण ती साटाची आहे की एनव्हीएमईची (डिस्क जोडण्याचे हे दोन वेगळे प्रकार) हे मॉडेल नंबर टाकून तपासल्याशिवाय खरेदी करू नका.

मेमरी नुसता ब्राउझर उघडल्यावर ८५-९० टक्क्यांवर जात असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालतं, असं कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली रोजचं काम सुखाने होत नाही.

प्रोसेसरचा वेग अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झला चिकटून बसला असेल तर सॉफ्टवेअरवर संशय घेण्याआधी उष्णता आणि चार्जर तपासा. काही लॅपटॉप, विशेषतः डेलचे, चार्जरची ओळख पटली नाही की प्रोसेसर मुद्दाम मंद चालवतात. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर किंवा पिनजवळ तुटलेली वायर हे कारण असेल तर दहा वेळा फॉरमॅट मारूनही फरक पडणार नाही.

डिस्कची तब्येत पाहणं यात सर्वांत महत्त्वाचं. एनव्हीएमई एसएसडी असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’, मग ‘अॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स’ इथे तिचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. साटा डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन वापरा. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, खराब सेक्टरांची संख्या शून्याच्या वर असली, किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर रीसेट करू नका. रीसेट म्हणजे तासन्‌तास सलग वाचन-लेखन. मरणाला टेकलेली डिस्क त्यातच जाते आणि सोबत तुमच्या फाइल्सही. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा, मग डिस्क बदलायची, मग नव्या डिस्कवर विंडोज टाकायचं.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, पडदा काळा असेल पण दिवा लागत असेल, तर वेगळा ‘हार्ड रीसेट’ करून पाहा. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. सर्किटमध्ये अडकून राहिलेला विद्युतभार याने निघून जातो आणि फाइल्सना धक्का लागत नाही. पावसाळ्यात, वीज जाऊन-येऊन झाल्यावर मरून पडलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यानेच उठतात.

आणखी एक मधला मार्ग आहे, जो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ या पानावर ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ असा पर्याय विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये आहे. त्यातलं ‘रीइन्स्टॉल नाऊ’ दाबलं की विंडोज नव्याने उतरून बसतं, पण तुमची सॉफ्टवेअर, फाइल्स आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. अपडेट अडकणं, स्टार्ट मेनू न उघडणं, विचित्र एरर येणं यांवर हा उपाय आधी करावा. व्हायरस आहे किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचाय, अशा वेळी मात्र तो पुरत नाही.

विंडोज १० वाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. रीसेट केल्यावर विंडोज १० च परत येतं, ११ नव्हे. म्हणून इतकी उठाठेव करायचीच असेल तर लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने आधी पाहून घ्या. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा इंटेल प्रोसेसर लागतो.

‘कीप माय फाइल्स’ नेमकं काय ठेवतं?

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय तुमच्या नावाच्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स वगैरे ठेवतो. पण ‘प्रोग्रॅम फाइल्स’, ‘प्रोग्रॅम डेटा’, ‘विंडोज’ आणि तुमच्या नावाच्या फोल्डरमधलं लपलेलं ‘अॅपडेटा’ हे सगळं साफ होतं. या चार ठिकाणी काय दडलेलं असतं ते पाहू.

टॅली आणि बिलिंग सॉफ्टवेअर. पंचवटीतला किराणा दुकानदार असो की पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष व्यापारी, त्याचं सगळं वर्ष या एका फोल्डरमध्ये असतं. टॅलीचा डेटा कुठे आहे ते अंदाजाने ठरवू नका. कंपनी निवडण्याच्या पडद्यावरच त्याचा पाथ दिसतो, तो लिहून घ्या. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ घ्या आणि शिवाय तो अख्खा डेटा फोल्डर टॅली बंद करून कॉपी करा. मग एफ-१, ‘सेटिंग्ज’, ‘लायसन्स’ इथून लायसन्स ‘सरेंडर’ करा. ते न करता विंडोज नवं टाकलं तर परत सुरू करताना लायसन्स आधीच वापरात असल्याचा निरोप येऊन अडू शकतं. इतर बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल तर त्याचा डेटा सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या आत असतो. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप बटणानेच तो काढा, नुसतं फोल्डर कॉपी करून भागत नाही.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायचं ते मायएसक्यूएलचं. त्याचा डेटाबेस मुळात ‘प्रोग्रॅम डेटा’मध्ये बसतो. प्रोजेक्टचा कोड डेस्कटॉपवर सुखरूप, पण टेबलं गायब, हा प्रकार सबमिशनच्या आदल्या रात्री फार महागात पडतो. मायएसक्यूएल वर्कबेंचमधून ‘एक्सपोर्ट’ करून एसक्यूएल फाइल काढून ठेवा.

मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, फ्लेक्स, कार्यअहवाल, सोसायटीची इतिवृत्तं यांच्या जुन्या फाइल्स श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट गेला की त्या फाइलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त तिला वाचणारा फॉन्ट नसतो. फॉन्ट दोन ठिकाणी असतात: ‘विंडोज’ फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’, आणि फक्त स्वतःसाठी टाकलेले असतील तर ‘अॅपडेटा’च्या आत. दोन्ही साफ होतात. कंट्रोल पॅनेलमधलं ‘फॉन्ट्स’ उघडून मराठी फॉन्ट निवडा आणि बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर त्याची सीडी किंवा सेटअप हाताशी आहे ना, हेही आताच पाहा.

ब्राउझर आणि मेल. क्रोममधले पासवर्ड नि बुकमार्क ‘अॅपडेटा’त असतात. क्रोममध्ये गुगल खात्याने सिंक चालू आहे का पाहा, आणि दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर तेच खातं उघडून बुकमार्क खरंच दिसतात का याची खात्री करा. आउटलुक वापरत असाल तर तुमचे मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा. ती नव्या आवृत्त्यांत ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असते, पण बऱ्याचदा ‘अॅपडेटा’तही. स्टिकी नोट्सही तिथेच.

वनड्राइव्ह. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. फाइलच्या बाजूला ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त इंटरनेटवर आहे. मोफत जागा ५ जीबी. ती भरली की नव्या फाइल्स वर जाणं थांबतं आणि कोपऱ्यातल्या लाल खुणेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता बॅकअप. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा. ‘डी ड्राइव्हमध्ये टाकलंय’ हा बॅकअप नव्हे, कारण सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात आणि डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर तो फॅट ३२ प्रकारात असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यात जात नाही. लग्नाचा व्हिडिओ किंवा मोठी पीएसटी फाइल तिथेच अडते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून मगच कॉपी करा. कॉपी झाल्यावर मूळ फोल्डर आणि कॉपी या दोन्हींवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइल्सची संख्या जुळते का पाहा. मग डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि वेगवेगळ्या प्रकारच्या आठ-दहा फाइल्स प्रत्यक्ष उघडा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणण्यात अर्थ नाही.

किल्ल्या आणि परवाने

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, आपोआप चालू असतं. २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं विंडोज सुरू केलं की ते बहुतेक वेळा न विचारताच चालू होतं. विंडोज चालू असताना रीसेट केलं तर सहसा अडचण येत नाही. पण विंडोज बंद पडून निळ्या रिकव्हरी पडद्यातून काम करायची वेळ आली की तो ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागतो. ती नसेल तर डेटा परत मिळवणं मायक्रोसॉफ्टच्याही हातात नाही.

किल्ली असते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, ‘डिव्हाइसेस’खाली. मोबाइलवरून लॉगिन करून ती आत्ताच पाहा आणि कागदावर उतरवा. इथेच खरी गोम निघते: लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने पटकन स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने सेटअप करून दिलेला असतो. मग किल्लीही त्याच खात्यात, आणि सोबत फुकट मिळालेलं ऑफिसही त्याच खात्याला बांधलेलं. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘युअर इन्फो’ इथे कोणाचा ईमेल आहे ते वाचा. आपला नसेल तर रीसेटआधी तो सोडवा. वर्षभराने तो मुलगा त्या दुकानात सापडेलच असं नाही.

मग ‘सिस्टम’मधलं ‘अॅक्टिव्हेशन’ उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. परवाना मदरबोर्डला जोडलेला असतो आणि रीसेटनंतर इंटरनेट मिळताच आपोआप परत लागू होतो. घरच्या लॅपटॉपवर ‘संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सेवे’चा उल्लेख दिसला तर ते बहुधा क्रॅक केलेलं विंडोज आहे, आणि रीसेटनंतर ते ‘नॉट अॅक्टिव्हेटेड’ म्हणेल. होम की प्रो, हेही लिहून घ्या. होमचा परवाना असलेल्या लॅपटॉपवर दुकानात उत्साहाने प्रो टाकून दिलं तर असलेला अस्सल परवाना लागू होत नाही.

जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सही वापरणाऱ्यांची सही यूएसबी टोकनमध्ये असते, त्यामुळे ती सुरक्षित राहते. पण टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलसाठीचं एमसायनर परत टाकावं लागतं. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशिअलाइझ’ असं बटण दिसलं तर त्याला हात लावू नका. त्याने टोकन कोरं होतं आणि सही नव्याने काढावी लागते. पासवर्डही आठवत नसताना अंदाजाने मारत बसू नका, काही चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं.

वेळ कोणती निवडायची?

व्यापाऱ्यांनी महिन्याच्या ८ ते २० तारखेच्या मध्ये रीसेट टाळावं. मासिक भरणा करणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला असतं. तिमाही योजनेतल्यांसाठी १३ आणि २२ या तारखा. द्राक्ष निर्यातीचं काम करणाऱ्यांनी जानेवारी ते एप्रिलमध्ये, आणि सगळ्यांनीच मार्चअखेर, चालता लॅपटॉप उघडू नये.

एसएसडीवर साधं रीसेट तास-दीड तासात होतं. जुन्या हार्ड डिस्कवर तीन-चार तास धरून चाला, वर अपडेटचा वेळ वेगळा. महावितरणची नियोजित वीजबंदी त्या दिवशी नाही ना, ते पाहा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, आणि चार्जर लावलेला हवाच, त्याशिवाय विंडोज पुढे सरकत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवा. गादीवर ठेवला तर खालची जाळी बंद होते.

प्रत्यक्ष रीसेट

बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून घ्या. विशेषतः बॅकअपची डिस्क. ती लावलेली ठेवून ‘सगळ्या ड्राइव्ह’ पुसण्याचा पर्याय निवडला जाण्याचा धोका कशाला घ्यायचा? मग

१. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ उघडून ‘रीसेट पीसी’ दाबा.

२. लॅपटॉप स्वतःच वापरायचा आणि फक्त तो सुधारायचा असेल तर ‘कीप माय फाइल्स’. व्हायरस असेल किंवा लॅपटॉप दुसऱ्याकडे जाणार असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’.

३. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’ असा प्रश्न येतो. लोकल म्हणजे लॅपटॉपवर असलेल्याच सिस्टम फाइल्समधून नवं विंडोज उभं करणं. त्याच फाइल्स बिघडलेल्या असतील तर ते अर्ध्यात थांबतं. क्लाउडमध्ये साधारण ४ जीबी नव्याने उतरतं. घरी फायबर असेल तर बिनधास्त क्लाउड निवडा. मोबाइल हॉटस्पॉटवर रोजचे दीड-दोन जीबी असतील तर लोकल बरं.

४. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून वाचा, घाईत पुढे जाऊ नका. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’मध्ये इथे दोन महत्त्वाचे प्रश्न असतात. ‘क्लीन डेटा’ चालू केलं तर डिस्क पुसली जाते आणि वेळ कित्येक पट वाढतो. लॅपटॉप विकतानाच ते चालू करा. दुसरा प्रश्न सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल्स काढायच्या का हा. डी ड्राइव्ह ठेवायचा असेल तर इथे ‘नो’च हवं.

५. शेवटच्या पानावर तुम्ही निवडलेलं सगळं लिहून येतं. ते सावकाश वाचून मगच ‘रीसेट’ दाबा.

यानंतर टक्क्यांचा आकडा चढतो, अधेमधे पडदा काळा होतो, लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू होतो. एखाद्या आकड्यावर तो बराच वेळ थांबणं नेहमीचं आहे. पंखा फिरतोय किंवा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर पॉवर बटणाला हात लावू नका. एसएसडीवर दोन तास किंवा हार्ड डिस्कवर पाच-सहा तास आकडा हललाच नाही, तरच जबरदस्तीने बंद करण्याचा विचार करायचा.

अडकलं तर

‘देअर वॉज अ प्रॉब्लेम रीसेटिंग युअर पीसी’ असा निरोप आला तर आधी लोकलऐवजी क्लाउड करून पाहा. रिकव्हरीचा भागच सापडत नाही असं म्हणत असेल तर तो बंद पडलाय. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘टर्मिनल (अॅडमिन)’ उघडा आणि ‘रीएजंटसी’, एक स्पेस, तिरकी रेघ, ‘एनेबल’ (reagentc /enable) अशी आज्ञा द्या.

विंडोज उघडतच नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा लागोपाठ केलं की लॅपटॉप स्वतःहून निळ्या रिकव्हरी पडद्यावर जातो. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये रीसेट आहेच, पण आधी ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधलं ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून बघा. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलेला लॅपटॉप बहुधा तेवढ्याने सुरू होतो.

काहीच चाललं नाही तर पेनड्राइव्हवरून नवं विंडोज. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका. मग लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसरला एफ-१२, एचपीला एफ-९, असूसला एस्केप. एसरमध्ये एफ-१२ चा मेनू बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, आधी चालू करावा लागू शकतो.

इथे दोन ठिकाणी हमखास अडतं. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही आणि लोकांना वाटतं एसएसडी गेली. ती गेलेली नसते. डिस्क ओळखण्यासाठी इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर लागतो. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलसाठीचा उतरवून, उलगडून, त्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. दुसरं, विंडोज बसल्यावर वायफाय सापडत नाही आणि सेटअप इंटरनेटशिवाय पुढे जात नाही. मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक वेळा काम होतं.

डिस्कचे कप्पे दिसतात त्या पडद्यावर फक्त विंडोजचा कप्पा ओळखून तोच पुसा. आकार पाहून ओळखता येत नसेल तर थांबा. डी ड्राइव्ह इथे चुकून उडवला जातो, आणि एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते, कारण ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा लगेच रिकामी करून टाकते.

नंतरचा पहिला तास

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी विंडोज अपडेट, पुन्हा पुन्हा, ‘अप टू डेट’ म्हणेपर्यंत. मग त्याच पानावर ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ऑप्शनल अपडेट्स’मधले ड्रायव्हर. टचपॅडवरच्या दोन-तीन बोटांच्या खुणा, कीबोर्डचे दिवे, आवाज यांतलं काही चालत नसेल तर लॅपटॉप कंपनीचं अॅप टाका: लेनोवो व्हँटेज, मायअसूस, एचपी सपोर्ट असिस्टंट, डेल सपोर्टअसिस्ट. सोबत आलेला ३० दिवसांचा चाचणी अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे, आणि दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर लॅपटॉप मंदावतो.

‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का पाहा, असल्यास किल्ली आपल्याच खात्यात गेली का ते बघा. रीसेटनंतर किल्ली बदललेली असू शकते, जुन्या कागदावर विसंबू नका. ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हसाठी ‘प्रोटेक्शन’ चालू करा. ते बरेचदा बंद असतं.

मराठी टंकलेखनासाठी वेगळं काही उतरवायची गरज नाही. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते. जुने फॉन्ट बॅकअपमधून निवडून राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ करा.

प्रिंटरमध्ये लहान दुकानांतला लाडका कॅनन एलबीपी २९०० असेल तर केबल लावण्याआधी कॅननच्या साइटवरचा ६४ बिट ड्रायव्हर टाका.

फाइल्स सगळ्यांत शेवटी परत आणा. व्हायरसमुळे रीसेट केलं असेल तर बॅकअपची डिस्क आधी डिफेंडरने स्कॅन करा आणि जुन्या सेटअप फाइल्स, क्रॅक, ‘अॅक्टिव्हेटर’ यांपैकी काहीच परत आणू नका. व्हायरस बहुधा त्यातूनच आलेला असतो.

निगा, नाशिकच्या हवेत

नाशिकची हवा चांगली असं आपण अभिमानाने म्हणतो, लॅपटॉपला मात्र तिचे तीन वेगवेगळे त्रास आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा धुळीने अर्धा बंद झालेला पंखा पुरा पडत नाही आणि प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवतो. बाहेर हवा फेकणारी जाळी वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, साफ करा. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे जिथे रस्ते खोदलेत त्या भागात वर्षातून दोनदा. दाबलेल्या हवेचा डबा वापरा, थोड्या थोड्या फुंकरीने, आणि पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर हवेने ते भन्नाट फिरून खराब होतं. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या.

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दमट पावसाळ्यात आठवडे न्‌ आठवडे बंद ठेवलेला लॅपटॉप खराब होतो. दोन दिवसांनी अर्धा तास चालू करा. बॅगेत ठेवता ती सिलिका जेलची पुडी ओली झाली की निरुपयोगी, ती बदला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाडकडून दुचाकीवर गारठून आलेला लॅपटॉप उबदार खोलीत लगेच सुरू करू नका, आत दव साचलेलं असू शकतं. बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्या.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अॅडॉप्टरमध्ये खुपसणं बंद करा.

बॅटरीसाठी एकच सवय: दिवसभर चार्जरला लावून काम करत असाल तर कंपनीच्या अॅपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. टचपॅड वर उचललेला वाटतोय, तो दाबला जात नाही, झाकण नीट बसत नाही, ही बॅटरी फुगल्याची लक्षणं. त्या क्षणी चार्जिंग बंद आणि बॅटरी बदलायला टाका. टोचून हवा काढणं वगैरे प्रकार आगीला आमंत्रण आहेत.

सॉफ्टवेअरची निगा त्यामानाने फार थोडी लागते. सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अॅप्स’मध्ये जे ओळखीचं आणि गरजेचं नाही ते बंद करा. आठवड्यातून एकदा ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करा, कारण फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. एसएसडी डीफ्रॅग करायची नाही, विंडोज तिची काळजी स्वतः घेतं. ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’ यांच्या वाटेला जाऊ नका.

विकताना किंवा देऊन टाकताना

डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ केलं तर जुनी किल्ली नष्ट होते आणि डिस्कवर उरलेले तुकडे कुणाला वाचता येत नाहीत. एसएसडीसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची. एन्क्रिप्शन बंद असेल तर आधी ते चालू करून पूर्ण होऊ द्या, मग ‘क्लीन डेटा’सह आणि सगळ्या ड्राइव्ह निवडून रीसेट करा. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या ‘डिव्हाइसेस’ यादीतून लॅपटॉप काढून टाका. मॅकबुक असेल तर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ वापरा आणि ‘फाइंड माय’ बंद झालंय ना ते पाहा, ते चालू राहिलं तर घेणाऱ्याला अॅक्टिव्हेशन लॉक लागेल आणि तो फोन करत राहील.

रीसेट संपून देश निवडायचा पडदा आला की पुढे काही न भरता पॉवर बटण दाबून बंद करा. पुढचा सेटअप नव्या मालकाने, त्याच्या स्वतःच्या ईमेलने करायचा.